नगरचे चार दिवस आणि एक तुटकी कमान

पुण्याचा मनुष्य नगरास जातो तो बहुधा दोनच कारणांनीं, असा आमच्याकडे समज आहे. एक तर तो शिर्डीच्या वाटेवर चहापुरता उतरतो, नाहीं तर त्याच्या वडिलोपार्जित जमिनीचा दावा तेथल्या न्यायालयांत लोंबकळत असतो. गेल्या माघांत मी नगरास चार दिवस राहिलों, तो मात्र या दोहोंपैकीं कोणत्याहि कारणानें नव्हे. आमच्या आजोबांच्या वाड्यांतील ग्रामोफोनची कमान तुटून जवळजवळ सत्तर वर्षें लोटलीं होतीं. ती नीट करून घेणें एवढेंच माझें काम होतें. हें काम ज्यांना ज्यांना सांगितलें त्यांनीं माझ्याकडे अशा नजरेनें पाहिलें, कीं पुढें पुढें मी 'वाड्याच्या कागदपत्रांसाठीं जातों' असें सांगूं लागलों. तेंहि अगदींच खोटें नव्हतें. वाडा पाडावयाचा ठरला होता.

पुण्याहून नगर सुमारें ७५ मैल, म्हणजे आजच्या हिशेबानें १२० किलोमीटर. या रस्त्याला एक मान आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. एस. टी. ची अगदीं पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं धांवली, ती याच पुणें-नगर रस्त्यावर. माझ्या लहानपणीं मे महिन्याच्या सुटींत आम्ही भावंडें याच वाटेनें आजोबांकडे जात असूं. शिरूरला घोडनदी ओलांडली कीं जिल्हा बदलतो, आणि हवाहि बदलते. सुप्याच्या माळावर आतां कारखाने उभे राहिले आहेत, परंतु तेथला वारा पूर्वीसारखाच कोरडा आणि खडखडीत आहे. नगरच्या हवेचा हा कोरडेपणा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

शहराचें आणि जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालीं याच जिल्ह्यांत, जामखेड तालुक्यांतील चौंडीस झाला, तेव्हां नांव परकें नाहीं. तथापि आमच्या वाड्यांतील माणसें पूर्वीहि 'अहमदनगर' असें कधीं म्हणत नसत आणि आतांहि पुरतें नांव घेत नाहींत. त्यांच्या तोंडीं तें नुसतें 'नगर'च आहे. मीहि येथें तसेंच लिहितों.

आमचा ग्रामोफोन म्हणजे पितळी कर्ण्याचा, चित्रांत कुत्र्यापुढें ठेवलेला असतो तसला नव्हे. काळ्या रंगाची, हातांत धरून नेण्याजोगी चौकोनी पेटी; झांकण उघडलें कीं आंत मखमलीचें फिरतें तबक, वांकडी नळी व तिच्या टोकास साउंड-बॉक्स. बाजूस किल्लीचा दांडा. आजोबा वकील होते. हें यंत्र त्यांनीं रत्नागिरीहून बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याकडून, त्याच्या बारा तबकड्यांसह, जुनें म्हणून अर्ध्या किमतींत घेतलें. या सौद्याचा त्यांना फार अभिमान होता आणि पाहुण्यांपुढें तो ते नेहमीं सांगत. रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर ते स्वतः किल्ली देत, स्वतः सुई बदलीत आणि दोन बाजू वाजवून पेटी बंद करीत. घरांत दुसऱ्या कोणीं यंत्रास हात लावावयाचा नाहीं, असा दंडक होता.

आमच्या आत्याबाई लग्नानंतर वर्षभरांतच विधवा होऊन माहेरीं आल्या होत्या. तेव्हां त्यांचें वय एकोणीस-वीस. त्यांना गळा होता आणि कान त्याहूनहि चांगला होता. पण त्या काळीं आमच्यासारख्या घरांत विधवेनें गाणें म्हणजे काय, हें त्या पिढींतील वाचकांना सांगावयास नको. उघड मनाई कोणीं केली नव्हती. कोणीं करण्याची गरजच पडली नाहीं. मात्र आजोबा दुपारीं कोर्टांत गेले आणि आजी माजघरांत आडवी झाली, म्हणजे आत्याबाई ओटीवरची पेटी हळूच उघडीत. हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी होती; तीच त्या लावीत. माझा पहारा असे. पहाऱ्याचा मोबदला म्हणून मला वापरलेल्या सुया मिळत.

१९५६ च्या मे महिन्यांत अशाच एका दुपारीं गाणें अर्ध्यावर आलें असतां पेटींत बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. तबकानें दोन-चार गिरक्या घेतल्या आणि तें थांबलें. हिराबाईंचा आवाज एखाद्या विहिरींत उतरत जावा तसा खोल खोल जाऊन बंद पडला. आजी उठून बाहेर आली. संध्याकाळीं आजोबांपुढें चौकशी झाली. आत्याबाई म्हणाल्या, 'नेहमींइतकीच किल्ली दिली होती.' आजोबांनीं मला पुढें बोलावून विचारलें, 'किती फेरे दिले रे तिनें?' मी सात वर्षांचा. मीं फेरे मोजले नव्हते. पण विचारणारे आजोबा, आणि उत्तर तर दिलें पाहिजे. मी म्हणालों, 'पन्नास.'

'मूल खोटें बोलत नाहीं,' असें आजोबा म्हणाले. तेवढ्यावर निकाल लागला. पेटी माळ्यावर गेली. आत्याबाईंना कोणीं रागें भरलें नाहीं. परंतु 'जास्त किल्ली देऊन यंत्र मोडलें' ही गोष्ट पुढें प्रत्येक पाहुण्याला, पूर्वीं सौद्याची गोष्ट सांगितली जाई त्याच जागीं, सांगितली जाऊं लागली. त्यानंतर आत्याबाईंना कोणत्याहि यंत्राची कळ फिरवितांना मीं पाहिलेलें नाहीं. रेडिओ आला, पुढें दूरदर्शन आलें; त्या म्हणत, 'तूं लाव, माझ्या हातीं मोडेल.' हें वाक्य त्या हंसून म्हणत, आणि घरांतील माणसेंहि हंसत.

आज त्या नव्वदीच्या घरांत आहेत. वाड्याच्या वांटणीसाठीं सगळे जमले, तेव्हां तांब्यापितळेचीं भांडीं, देव्हारा, आजोबांचें कायद्याच्या ग्रंथांचें कपाट, यांना घेणारे निघाले. काळी पेटी मात्र कोणाला नको होती. एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला होता. त्यानें ती उघडून पाहिली आणि म्हणाला, 'आंतलें मशीन तेवढें काढून द्या. नव्या पेटींत घालून वर पितळी कर्णा बसविला, कीं मुंबईंत हॉटेलवाले हजारों रुपये देतात.' हें ऐकून मी चपापलों. वाचकांपैकीं कोणास दिवाणखान्यांत 'पुरातन' ग्रामोफोन ठेवण्याची हौस असेल, तर त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. झगझगीत पितळी कर्णा, नवी कोरी नक्षीदार पेटी आणि वर प्रसिद्ध कंपनीच्या चिन्हाचा बिल्ला, असा जो नग बाजारांत दिसतो, तो बहुतेक वेळां एखाद्या मोडलेल्या काळ्या पेटीचें काळीज काढून बनविलेला असतो. मीं व्यापाऱ्यास नकार दिला, तेव्हां आत्याबाई कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं. पण वळण्याचा हात थांबला होता.

कापडबाजाराच्या मागें एका बोळांत एक वृद्ध कारागीर बसतात. सारे त्यांना चाचा म्हणतात. घड्याळें हा त्यांचा मूळ धंदा. त्यांचे वडील भिंगारच्या छावणींतील साहेबलोकांचे ग्रामोफोन दुरुस्त करीत, आणि तें काम लहानपणीं चाचांनीं हाताखालीं बसून पाहिलेलें. दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसें मावतील अशी फळी. मीं पेटी पुढें ठेवली. त्यांनीं दांडा दोन वेळां फिरवून पाहिला, कान पेटीला लावला आणि म्हणाले, 'स्प्रिंग गेली. पण बाकीची मंडळी झोपलेली आहे, मेलेली नाहीं.'

येथें या यंत्राविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. एडिसननें १८७७ सालीं आवाज धरून ठेवणारें पहिलें यंत्र केलें, तें हातानें फिरवावें लागे. बर्लिनरच्या तबकडीच्या यंत्राचेंहि प्रथम तसेंच होतें. फिरविणाऱ्याचा हात जरा मंदावला कीं गाणाऱ्याचा सूर उतरे, घाई झाली कीं चढे. ही अडचण अमेरिकेंतील कॅम्डन गांवच्या एल्ड्रिज जॉन्सन नांवाच्या यंत्रकारानें १८९६ सालीं दूर केली. त्यानें बर्लिनरच्या यंत्रासाठीं कमानीवर चालणारी मोटार बनविली. म्हणजे घड्याळांतली युक्ति गाण्याच्या सेवेला लागली. पुढें १९०२ सालीं गैसबर्ग कलकत्त्यास आला, गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें, १९०८ सालीं कलकत्त्यासच तबकड्यांचा कारखाना निघाला आणि तें वेड घरोघर शिरलें. तबकडीसाठीं लागणारी लाख तर आपल्याच देशांतल्या पळस, कुसुंब आणि बोरीच्या झाडांवरची. नगरसारख्या ठिकाणीं तेव्हां वीज सर्वांच्या घरीं नव्हती. विजेवांचून केवळ मनगटाच्या जोरावर वाजणारें हें यंत्र होतें, म्हणूनच तें इतक्या आडगांवांपर्यंत पोचलें.

चाचांनीं तबक उचलून बाजूस ठेवलें, दांडा उलटा फिरवून काढला, चार मळसूत्रें सोडवून वरची फळी उपडी केली आणि यंत्र बाहेर आलें. एका अंगास पोलादी डबा. त्याच्या आंत कमान. मग दांत्यांचीं चाकें, आणि शेवटीं एक लहानसा आंस, ज्यावर तीन पातळ पट्ट्यांना तीन गोळे जडविलेले. हा गव्हर्नर. आंस जितका जोरानें फिरेल तितके गोळे बाहेर फांकतात. ते फांकले कीं त्या आंसावरची एक चकती ओढली जाऊन नमद्याच्या तुकड्यावर घांसते आणि वेग आवरला जातो. कमान नुकती गुंडाळलेली असो कीं निम्मी सुटलेली असो, तबक मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरेच घेतें, तें या तीन गोळ्यांमुळें. मला हा भाग फार आवडला. सगळें बळ डब्यांत, आणि सगळी अक्कल या करंगळीएवढ्या आंसावर.

डबा उघडण्यापूर्वीं त्यांनीं मला मागें सरकावयास सांगितलें. कमानींत थोडाहि ताण उरला असला आणि झांकण काढलें, तर पोलादाची ती पट्टी सुरीसारखी बाहेर उसळते. चाचांच्या वडिलांच्या हाताचें एक बोट त्यांत गेलें होतें. म्हणून आधीं दांडा हातांत घट्ट धरून उरलासुरला ताण सोडून द्यावयाचा, चाकें मोकळीं फिरतात अशी खात्री करावयाची आणि मगच डब्याला हात घालावयाचा. हातांत चामड्याचे मोजे घालून, डबा जाड गोणपाटांत धरून, त्यांनीं आंतलें टोक पक्कडीनें पकडलें आणि एकेक वेढा बाहेर काढूं लागले. घाई अशी नव्हतीच. पट्टी सुमारें एक इंच रुंद आणि लांबीला दोन वाव भरली असेल. वेढ्यांच्या मध्यें जुनें वंगण डिंकासारखें, कांहीं ठिकाणीं तर लाखेसारखें घट्ट झालेलें होतें. तें पाहून चाचा म्हणाले, 'हें वंगण असें झालें म्हणजे वेढे एकमेकांना चिकटतात आणि एकदम सुटतात. चालत्या पेटींत मधूनच धप् धप् असा आवाज येत होता का?'

येत होता. आजोबा म्हणत, 'तो तबल्याचा ठेका आहे.'

शेवटचा वेढा निघाला आणि डब्याच्या भिंतीवरच्या मेखेला अडकून राहिलेला दोन बोटें लांबीचा तुकडा दिसला. कमानीच्या बाहेरच्या टोकाला एक भोंक असतें, तें या मेखेंत अडकवितात. तुटलें होतें तें त्या भोंकाच्या कडेवरच. चाचांनीं तुकडा रॉकेलांत धुतला, फडक्यानें पुसला, डोळ्याला भिंग लावलें आणि बराच वेळ पाहिलें. मग भिंग माझ्या हातीं दिलें.

तुटलेल्या कडेवर दोन रंग होते. भोंकापासून निघून पट्टीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश रुंदीपर्यंतचा भाग काळपट तांबूस व गुळगुळीत. आणि उरलेला तिसरा हिस्सा करड्या रंगाचा, साखरेच्या खड्यासारखा रवाळ. 'हा रवाळ भाग त्या दिवशीं तुटला,' चाचा म्हणाले. 'आणि हा काळा भाग? हा त्याच्या आधीं तुटलेला आहे. महिने, कदाचित् वर्षें. चीर पडली, चिरेंत गंज गेला, चीर वाढत राहिली. पट्टी एक-तृतीयांशावर लटकलेली होती, साहेब. कोणीहि किल्ली दिली असती तरी तुटलीच असती.'

मीं विचारलें, 'जास्त किल्ली दिल्यानें नाहीं?'

ते हंसले. जास्त किल्ली म्हणजे काय, हें त्यांनीं मला समजावून दिलें. कमान पुरती गुंडाळली गेली कीं दांडा पुढें जातच नाहीं. जागच्या जागीं अडतो. एखादा पहिलवान लटकला तर मेख उपटेल किंवा चाकाचा दांता मोडेल. पण येथें मेख शाबूत आणि सर्व दांते शाबूत. शिवाय पन्नास फेरे या कमानींत मावतच नाहींत. घड्याळाच्या दुकानांत रोज एक तरी गिऱ्हाईक येऊन सांगतें कीं मुलानें जास्त चावी दिली म्हणून घड्याळ बंद पडलें. आणि त्यांच्या साठ वर्षांच्या धंद्यांत त्यांनीं असें बंद पडलेलें घड्याळ एकहि पाहिलेलें नाहीं. घड्याळ बंद पडलेलें असतें तें मळानें आणि सुकलेल्या तेलानें. 'पण मार मुलाला बसून गेलेला असतो,' ते म्हणाले.

गंज कोठून आला, हा प्रश्न राहिला होता. नगरच्या हवेंत लोखंड असें गंजत नाहीं. चाचांनीं डब्याच्या आंतली बाजू दाखविली. तिच्यावर बारीक खड्डे पडले होते. 'हें यंत्र समुद्रकांठीं राहिलेलें आहे,' ते म्हणाले. मीं त्यांना रत्नागिरीचें नांव सांगितलें नव्हतें. आजोबांच्या सौद्यांत दुखणें फुकट आलें होतें तर.

टोकावर नवें भोंक पाडून कमान पुन्हां बसवितां येईल, पण डबा, चाकें आणि गव्हर्नर धुऊन वाळवून जुळवावयास दोन दिवस लागतील, असें त्यांनीं सांगितलें. कमान मधोमध तुटली असती तर नवी मागवावी लागली असती. त्या विलायतेंत अजून तयार होतात. टोकाला तुटणें हें नशीबच म्हणावयाचें.

ते दोन दिवस मी नगर हिंडलों. शहराच्या पूर्वेस डोंगरावर तीन मजल्यांची अष्टकोनी इमारत लांबून दिसते; तिला सारें जग चांदबिबीचा महाल म्हणतें. ती चांदबिबीची नव्हे आणि महालहि नव्हे. मूर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. मला वर घेऊन जाणाऱ्या रिक्षावाल्यास हें सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, 'असेल. पण पाटी काय लावायची?' तोफखाना हें नांव मात्र या गांवाला शोभतें. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती १५४९ सालीं येथेंच, नगरांत, ओतली गेली. मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराचें तें काम. भुईकोट किल्ला सैन्याच्या ताब्यांत आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून काँग्रेसचे पुढारी जेथें कोंडले होते, त्या खोल्या तेथें आहेत. नेहरूंनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ सालीं तेथेंच लिहिलें, हें सर्वांना माहीत असतें. मला त्या ठिकाणीं आठवण झाली ती मौलाना आझादांची. 'गुबार-ए-खातिर' मधलीं त्यांचीं पत्रें याच भिंतींआडचीं, आणि त्यांतलें एक लांबलचक पत्र केवळ संगीतावर आहे. तरुणपणीं आपण सतार कशी शिकलों, हें त्यांत त्यांनीं सांगितलें आहे. संगीताची भूक तुरुंगांत किती वाढत असेल! मग मला आत्याबाईंची ओटी आठवली आणि मी तेथें फार वेळ थांबलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दौंडच्या रस्त्यानें अरणगांवास, मेहेराबादला गेलों. १८७८ सालीं झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग या जागेच्या मधून जातो. एका अंगास जुना आश्रम, दुसऱ्या अंगास टेकडीवर मेहेरबाबांची समाधि. मी त्यांच्या संप्रदायांतला नाहीं. परंतु १० जुलै १९२५ पासून अखेरपर्यंत, साडेत्रेचाळीस वर्षें, ज्यानें तोंडांतून शब्द काढला नाहीं, त्या माणसाला ग्रामोफोनच्या तबकड्यांची आवड होती, ही गोष्ट मला फार दिवसांपासून ओढीत होती. ३१ जानेवारी १९६९ रोजीं त्यांनीं देह ठेवला. ७ फेब्रुवारीस तो समाधींत झांकला गेला. त्या वेळीं त्यांच्या इच्छेप्रमाणें 'बिगिन द बिगीन' हें कोल पोर्टर या अमेरिकन रचनाकाराचें नाचाचें गाणें तबकडीवर लावण्यांत आलें होतें. नगरजवळच्या खडकाळ टेकडीवर, नमस्कारासाठीं उभ्या राहिलेल्या खेडुतांच्या गर्दींत, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचें गाणें! मी तेथें पोचलों तेव्हां टेकडीवर वाऱ्याखेरीज कसलाहि आवाज नव्हता. एक परदेशी बाई आणि एक शेतकरी कुटुंब शेजारीं शेजारीं बसलें होतें. मीहि बसलों.

तिसऱ्या दिवशीं चाचांकडे गेलों, तों ते टोक तापविण्याच्या तयारींत होते. कमानीचें पोलाद इतकें कडक असतें कीं त्यावर सामता चालत नाहीं. टोंचा मारला तर तें तडकतें. म्हणून शेवटचीं दोन-तीन बोटें तेवढीं ज्योतींत धरून लाल करावयाचीं आणि सावकाश निवूं द्यावयाचीं. पाण्यांत बुडविलीं तर कांचेसारखीं ठिसूळ होतील. उष्णता मागें सरकूं नये म्हणून त्यांनीं मागच्या भागावर ओलें फडकें गुंडाळलें होतें. निवालेल्या टोकांत भोंक पाडलें, तें कानशीनें थेंबाच्या आकाराचें केलें, आणि त्याची कड इतकी गुळगुळीत केली कीं बोट फिरविलें तर लागूं नये. 'पुढची चीर येथूनच सुरू होते,' ते म्हणाले, 'म्हणून येथें मेहनत.' मग ग्रॅफाइट मिसळलेलें वंगण चोपडून पट्टी डब्यांत भरली. बाहेरून आंत, एकेक वेढा अंगठ्यानें दाबीत. पट्टी दोन-तीन बोटें कमी झाली, त्यानें एक बाजू वाजण्यास कांहीं उणें पडत नाहीं. गव्हर्नरच्या नमद्याला तेलाचा एकच थेंब. चाकांना थोडेंसें. एवढ्या कामाला त्यांनीं जे पैसे मागितले, ते सांगावयास मला संकोच वाटतो.

वेग तपासण्यासाठीं त्यांच्याजवळ एक गोल कागद होता. त्यावर परिघाशीं ७७ काळ्या रेघा. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आंदोलनें घेते. तिच्यावरच्या दिव्याखालीं हा कागद तबकावर फिरविला आणि वेग अठ्ठ्याहत्तर असला, कीं रेघा जागच्या जागीं उभ्या दिसतात. गंमत अशी कीं हल्लींच्या पुष्कळ एल्. ई. डी. दिव्यांखालीं ही युक्ति चालत नाहीं, त्यांचा उजेड तसा लवलवत नाहीं. त्यासाठीं चाचांनीं मागच्या भिंतीवर एक जुनी ट्यूबलाइट जपून ठेवली आहे. रेघा पुढें सरकत होत्या, त्यांनीं मळसूत्र किंचित् फिरविलें, आणि त्या थांबल्या.

संध्याकाळीं पेटी घेऊन वाड्यांत आलों. ओटीवरचा जुना बाजा अजून होता. आत्याबाईंना धरून आणून बसविलें. त्यांना आतां डोळ्यांनीं फारसें दिसत नाहीं. कानांनीं मात्र भिंतीपलीकडचें ऐकूं येतें. पेटी उघडण्यापूर्वीं मीं तो तुटका तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि चाचांनीं सांगितलेलें सगळें त्यांना सांगितलें. गंज, चीर, रत्नागिरी, सगळें. सांगतां सांगतां माझा आवाज थोडा कांपला असावा. शेवटीं म्हणालों, 'आत्याबाई, पन्नास मीं उगीच सांगितले होते.'

त्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवीत होत्या. म्हणाल्या, 'अकरा दिले होते मीं.' आणि थोड्या वेळानें, 'तुला तेव्हां पन्नासच्या पुढें येत नव्हतें. येत असतें तर शंभर म्हणाला असतास.'

तबकडी तीच होती. मधल्या काळांत तिला एक ओरखडा पडला आहे. मीं नवी सुई लावली आणि किल्लीचा दांडा त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो धरला, पुन्हां सोडला, पुन्हां धरला. मग दिला. मी मोजत होतों, त्याहि मोजीत होत्या. ओंठ हलत होते. अकराव्यावर थांबल्या. मीं सुई टेकविली. खरखरींतून सारंगी आली आणि पाठोपाठ हिराबाई.

आत्याबाई चार ओळी ऐकून म्हणाल्या, 'सूर चढला आहे. इतका उंच नव्हता.'

मीं सांगितलें कीं वेग अगदीं बरोबर आहे. चाचांनीं रेघांवर तपासून दिला आहे, अठ्ठ्याहत्तर फेरे. त्यांनीं मान हलविली. पुढें चाचांना विचारलें तेव्हां कळलें कीं जुन्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तराच्या मापानेंच भरलेल्या असतात असें नाहीं. कांहीं थोड्या हळू, कांहीं थोड्या जलद. पण त्या वेळीं मी वाद घालण्याच्या बेतांत होतों. तेवढ्यांत आत्याबाईंचा हात पेटीच्या कडेवरून चांचपडत तबकापाशीं गेला, त्यांनीं वेगाचें मळसूत्र नेमकें शोधून काढलें आणि जरासें, अगदीं भाताच्या शितापुरतें, मागें फिरविलें. गाणें किंचित् खालीं उतरून स्थिरावलें. त्यांनीं हात मांडीवर घेतला.

बाजू संपली. मी सुई उचलून बसून राहिलों होतों.

'आतां दुसरी बाजू लाव,' आत्याबाई म्हणाल्या. 'आणि सुई बदल आधीं. एका सुईवर दोन बाजू वाजवूं नयेत, तबकडी खराब होते.'